बैलाचं तोंड कुणीकडे

मेलिन्नाच्या हातचा सातूचा गोळा ज्याने खाल्ला नाही असा माणूस आमच्या मेतापोन्तमध्ये शोधूनही सापडला नसता. टांकसाळीच्या भिंतीला लागून तिचं छप्पर होतं. उजाडलं की ती सातू भाजायला बसायची आणि तो खमंग वास भिंतीपलीकडे गेला की तिथले घणकरी भट्टी पेटवायची सोडून पोटावर हात फिरवत बाहेर यायचे. भाजलेले सातू ती पाट्यावर रगडायची, पिठात पाणी आणि जरासं तेल घालून मुठीने गोळे वळायची, आणि अंजिराच्या पानावर दोन ऑलिव्हांसकट समोर ठेवायची. हात गोड होता. जीभ मात्र अशी की घण उचलणारे गडीसुद्धा तिच्यापुढे मान खाली घालून खात.

ती मूळची इथली नव्हती, सिबारिसची होती. सिबारिस म्हटलं की आमच्याकडची म्हातारी माणसं अजून हातातलं काम थांबवतात. काय गाव होतं म्हणता! श्रीमंतांना ऊन लागू नये म्हणून मळ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर छत घातलेलं होतं. ते गाव शेजारच्या क्रोतोनच्या लोकांनी लढाईत जिंकलं, आणि जिंकून मन भरलं नाही म्हणून क्राथिस नदीचा प्रवाह वळवून त्याच्यावरून नेला. देवळं, घोडे, विहिरी, चुली, सगळ्यावर पाणी आणि पाण्याखाली गाळ. तेव्हा मेलिन्ना आठ वर्षांची होती आणि तिचा भाऊ दामीस सहा वर्षांचा. बाप तटावर राहिला तो राहिलाच. आई, फिल्ता तिचं नाव, दोन्ही पोरांना घेऊन समुद्राच्या कडेकडेने निघाली.

तिच्या लुगड्याच्या काठात एक चांदीचं नाणं शिवलेलं होतं. अकिरिस नदीवर नावाड्याने हात पुढे केला तेव्हा तिला ते उसवावं लागलं. पण ते देण्याआधी ती काठावरच्या दगडावर बसली. एक पोर गुडघ्याच्या अलीकडे, एक पलीकडे, समोरासमोर. तिने नाणं दोन बोटांच्या चिमटीत उभं धरलं आणि म्हणाली, "नीट बघून घ्या रे. हा आपला बैल. पुन्हा दिसायचा नाही."

ऊन उतरलेलं होतं आणि चांदी पेटल्यासारखी दिसत होती. पोरांनी बघितलं. उभा बैल, भरदार खांदा, आणि मान पूर्ण मागे वळवलेली, जणू पाठीमागून कुणी हाक मारली आहे. भूक, पायाचे फोड, बापाचं मागे राहणं, सगळं विसरायला लावील असं काहीतरी त्या एवढ्याशा चकतीत होतं. मग आईने मूठ मिटली, नावाड्याला नाणं दिलं, आणि तिघं पलीकडे गेली.

त्यानंतर सिबारिसचं नाणं त्यांनी पुन्हा कधी पाहिलं नाही. चांदीची मोठी नाणी गरिबाच्या हातात येतातच कुठे? आणि तसंही, बुडालेल्या गावचं नाणं घरात ठेवू नये असं सगळीकडे मानत. ज्याच्याकडे असेल तो घाईघाईने ते टांकसाळीत आणून देई आणि बदल्यात आमची लोंबीची नाणी घेऊन जाई. बघता बघता बैल दिसेनासा झाला.

आता भांडणाकडे येऊ, कारण या बाईची गोष्ट सांगायची आणि भांडण वगळायचं म्हणजे मीठ न घालता मासा वाढल्यासारखं होईल.

बैलाचं तोंड कुणीकडे होतं? मेलिन्ना म्हणे, बघणाऱ्याच्या उजव्या हाताकडे. दामीस म्हणे, डाव्या हाताकडे. लहानपणी यावरून एकमेकांचे केस उपटून झाले. मोठेपणी दामीस गाडीवान झाला, शेतातला सातू गावात आणू लागला, आणि त्याला एक नवीनच जोर चढला.

"ताई, मी जन्मभर बैलांबरोबर काढलाय. बैल मान कुणीकडे वळवतो ते तू मला शिकवणार?"

"तू जन्मभर बैलांच्या शेपट्या बघितल्यास, दाम्या. तोंडाचं मला विचार."

लोक हसत. आम्हालाही ती करमणूकच वाटे. पण हसण्याखाली काय होतं ते कुणी पाहत नव्हतं. गाव गेलं, घर गेलं, बापाचा चेहरासुद्धा पुसट झाला. उरलं होतं ते फक्त ते एक दर्शन. ते चुकीचं आहे असं सख्ख्या भावानेच म्हणायचं म्हणजे मग उरलं काय?

आई गेली तेव्हा भांडण टोकाला गेलं. गावाबाहेरच्या वाटेवर तिचा दगड उभा केला आणि त्यावर बैल कोरायचा हे दोघांनाही मान्य होतं. पाथरवटाने छिन्नी हातात घेऊन साधा प्रश्न विचारला, तोंड कुणीकडे करू? बस्स. कबरीची माती ओली असताना ही दोघं अशी भांडली की पाथरवट हत्यारं गुंडाळून निघून गेला. दगड कोरा राहिला. त्या दिवसापासून भावाबहिणीची बोलचाल बंद. दामीस सातूची पोती तिच्या छपरासमोर उतरवायचा, पण तोंडाने चकार शब्द नाही. तीही पोतं उचलून आत न्यायची आणि चूल फुंकायची. अशा कितीतरी सुग्या आल्या आणि गेल्या. दोघांचेही केस पांढरे झाले.

आणि एक दिवस बातमी आली की सिबारिस पुन्हा वसवतायत.

आधी कुणाचा विश्वास बसेना. पण खरंच होतं. सगळीकडे पांगलेल्या सिबारिसकरांची मुलं-नातवंडं एकत्र जमली होती, समुद्रापलीकडच्या थेसालीहूनही माणसं आली होती, आणि नदीकाठच्या उंचवट्यावर ती नवं गाव मांडणार होती. आमच्याकडूनही काही तरुण निघाले. त्यांच्याबरोबर गाडा घेऊन कोण निघालं असेल? पासष्टीच्या घरातला दामीस! कंबर वाकलेली, एका डोळ्याने अंधुक दिसतं, आणि म्हणे, हाडं तिथल्याच मातीत टाकणार.

मेलिन्नाला हे गिऱ्हाइकाकडून कळलं. त्या दिवशी तिचे सातू करपले. तिच्या चुलीवर सातू करपल्याचं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. भाऊ चालला होता. परत येण्याच्या वयाचा तो राहिला नव्हता, भेटायला जाण्याच्या वयाची ती राहिली नव्हती. आणि पहिला शब्द कुणी बोलायचा हे अजून ठरत नव्हतं.

अशात एका सकाळी थेआगेस नावाचा माणूस तिच्या छपराशी येऊन उभा राहिला. स्किद्रोस गावाहून आलेला, तिशीतला, बोटांना बारीक बारीक चिरा. ठसे कोरणाऱ्या माणसाची बोटं ओळखू येतात.

"आजी, तुम्हीच का सिबारिसच्या मेलिन्ना?"

"गोळे हवेत की गाव हवंय?" मेलिन्ना वर न बघता म्हणाली.

"गावच हवंय," तो हसून म्हणाला आणि जमिनीवर बसला. "नव्या गावाचं नाणं पाडायचंय. बैल घालायचा हे ठरलंय. पण जुनं नाणं कुणाकडे नाही. ज्यांनी पाहिलं त्यांच्यापैकी एका बाबाला फक्त खूर आठवतात, दुसऱ्याला शिंगं. मान मागे वळलेली होती एवढं सगळे सांगतात. तोंड उजवीकडे होतं की डावीकडे?"

मेलिन्नाचा पिठातला हात थांबला. "दाम्याकडे जाऊन आलास ना आधी?"

"हो."

"आणि तो म्हणाला डावीकडे."

"शपथेवर म्हणाला."

"गाढव आहे तो. उजवीकडे. माझ्या उजव्या हाताकडे. हेरादेवीची शपथ."

थेआगेसने कपाळाला हात लावला. "आजी, दोघांनी एकच नाणं एकाच वेळी बघितलं म्हणता. मग मी कुणाचं ऐकू? गाडे परवा निघणार. दामीसबाबा बरोबर आहेत, वाटभर माझ्या कानाशी डावीकडे डावीकडे करतील. शेवटी मी डावीकडेच कोरून बसेन."

झालं. मेलिन्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. नव्या सिबारिसच्या प्रत्येक नाण्यावर, पोरांच्या, नातवंडांच्या हातात दाम्याचा चुकीचा बैल! तिने गोळे तसेच टाकले, हात पदराला पुसले आणि ती तरातरा टांकसाळीच्या दाराशी गेली.

एवढ्या वर्षांत ती त्या दारातून कधी आत गेली नव्हती. भिंतीपलीकडून येणारा घणाचा आवाज तिने जन्मभर ऐकला होता. त्याच्या तालावर तिने पीठ रगडलं होतं. पण आत बायकांचं काय काम? आज तिला कुणी अडवलं नाही. अडवायची हिंमत कुणाची होती म्हणा.

मुख्य घणकऱ्याला सगळे ब्रोताखोस म्हणत, म्हणजे बेडूक. डोळे बाहेर आलेले, मान नाही, आणि खांदे असे की दारातून आडवा यावा लागे. त्याचा बापही इथेच घणकरी होता. तो त्या क्षणी घण उचलत होता म्हणून मेलिन्ना दारातच थांबली.

एकाने भट्टीतून चिमट्याने तापलेली चांदीची चकती काढली. कोरी, पातळ, लालसर. ऐरणीत बसवलेल्या खालच्या ठशावर ती ठेवली. वरचा ठसा दुसऱ्याने तिच्यावर टेकवला आणि खालच्याशी नेमका जुळवला. आमच्याकडे हेच तर अवघड, कारण आमच्या किनाऱ्याची नाणी जगावेगळी. पुढून लोंबी उठावाची, आणि उलटून बघावं तर तीच लोंबी त्याच जागी, पण खोलगट, जणू मऊ चिखलात रुतून निघून गेलेली. परदेशी व्यापारी पहिल्यांदा बघतात तेव्हा ते नाणं पुन्हा पुन्हा उलटं-सुलटं करत राहतात. जरा ठसा सरकला की सगळं फुकट. ब्रोताखोसने श्वास घेतला, घण खाली आला, एकदाच. ठसा उचलला. आणि जिथे आत्ता काहीच नव्हतं तिथे सातूची लोंबी होती, दाणा न् दाणा, कुसळ न् कुसळ, चमचमत.

मेलिन्नाचं तोंड उघडंच राहिलं. तिने सातू पेरलेला पाहिला होता, कापलेला पाहिला होता, भाजला होता, दळला होता. पण एका ठोक्यात उगवलेला कधी पाहिला नव्हता.

"मावशी? तू? इथे?" ब्रोताखोस घण टेकवत म्हणाला. "गोळे संपले काय?"

"गोळ्यांचं राहू दे. मला बैल हवाय."

"बाजार तिकडे आहे मावशी."

"जास्त शहाणपणा करू नकोस, बेडक्या. सिबारिसचा बैल. तुझ्या बापाने सगळे बैल वितळवले ना इथे?"

ब्रोताखोसने हात कमरेच्या फडक्याला पुसले. मग म्हणाला, "वितळवले नाहीत सगळे. घाई असायची. बाहेरचं नाणं नुसतं तापवायचं आणि वरून लोंबी ठोकायची. बाप म्हणायचा, नीट तापलं नाही तर जुनं चित्र जात नाही. खालून डोकावतं. त्याला ते आवडायचं नाही. म्हणायचा, ठोकताना कुणीतरी बघतंय असं वाटतं."

"मग तसलं एखादं दाखव."

कोपऱ्यात एक टोपली होती. देवळाच्या भांडारातून जुनी, झिजलेली लोंबीची नाणी पुन्हा पाडायला आली होती. ब्रोताखोसने ती दारातल्या उजेडात ओढून आणली. दोघं जमिनीवर बसून एकेक नाणं बघू लागली. लोंबी, लोंबी, पुन्हा लोंबी. एकावर कुणाचा तरी घोडा पुसट दिसत होता, एकावर चाकाचा आरा. घणकरी खोळंबले, भट्टी निवत चालली. मेलिन्नाच्या डोळ्यांना आता बारीक दिसत नव्हतं, म्हणून ती अंगठ्याने चाचपत होती. पीठ रगडून रगडून तिच्या अंगठ्याला खडा लगेच कळायचा.

आणि अंगठा थांबला.

तिने ते नाणं उजेडाकडे तिरपं केलं. मधोमध लोंबी होती, जाडजूड. पण लोंबीच्या कडेला, जिथे नुसती सपाट चांदी असायला हवी, तिथे एक शिंग होतं. शिंगाखाली कान. कानाखाली एक डोळा, आणि मागे वळलेलं तोंड. लोंबीच्या दुसऱ्या बाजूला खांद्याचा उंचवटा आणि पुढच्या पायाची एक रेघ. बाकीचा बैल सातूखाली गेला होता. उभ्या पिकात शिरलेलं जनावर मान वळवून बघतं तसा तो बघत होता.

मेलिन्नाला रडू येईना, हसू येईना. तो तापल्या भट्टीतून गेला होता, त्याच्यावर घण पडला होता, एवढी वर्षं हजार हातांनी त्याला घासलं होतं. त्याचं गाव नदीखाली होतं. आणि तरी हा आहेच! मान वळवून बघतोच आहे! आईने चिमटीत धरला होता तोच तो, तशीच ती मान, तसाच तो डोळा. तिला वाटलं आपण आठ वर्षांच्या आहोत आणि मान वर केली की आई दिसेल. भोवती घणकरी गोळा झाले होते. एवढे धटिंगण गडी, पण एकाने हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"उजवीकडे," मेलिन्ना कुजबुजली. तोंड तिच्या उजव्या हाताकडे होतं. मग ती ओरडली, "उजवीकडेच! बघ रे बेडक्या! कुणीकडे आहे?"

"उजवीकडे आहे मावशी, पण..."

"पण बिण काही नाही." तिने कमरेच्या पिशवीतून जपून ठेवलेलं लोंबीचं एकुलतं एक मोठं नाणं काढलं आणि टोपलीत टाकलं. "हे घे. वजन करून घे. हा मी नेते."

"अगं पण उलटून तरी..." ब्रोताखोस म्हणेपर्यंत ती दाराबाहेर होती.

दामीस वेशीजवळच्या गाडीतळावर गाड्याच्या आसाला चरबी चोपडत बसला होता. थेआगेस शेजारी उभा राहून त्याच्याशी काहीतरी बोलत होता. मेलिन्ना धापा टाकत आली. सगळ्या गाडीतळाने मान वळवली, कारण ही दोघं समोरासमोर आली की काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि हल्ली ते बघायला मिळत नव्हतं.

ती भावासमोर जाऊन उभी राहिली. दामीस हात पुसत उठला. किती म्हातारा झालाय, तिच्या मनात आलं, पण ते तिने बाजूला सारलं. चिमटीत नाणं उभं धरलं आणि त्याच्या नाकासमोर नेलं.

"बघ," ती म्हणाली. एवढ्या वर्षांनंतरचा तो पहिला शब्द. "बघ डोळे फाडून!"

दामीसने बघितलं. कमी दिसणारा डोळा मिटला, चांगला डोळा जवळ आणला. त्याचा चेहरा पार बदलून गेला.

"ताई," तो म्हणाला, "हा कुठे सापडला तुला?"

"ते सोड. तोंड कुणीकडे आहे ते सांग आधी. सगळ्यांसमोर सांग."

"सांगतो की. डावीकडे."

"काय?"

"डावीकडे! बघ ना, शिंग, डोळा... म्हणत होतो ना मी! जन्मभर म्हणत होतो!"

"दाम्या, आता दोन्ही डोळे गेले काय तुझे? माझ्या समोर आहे तो! उजवीकडे!"

"डावीकडे!"

"अरे, हा बघ, असा!" मेलिन्नाने मोकळा हात उगारून दिशा दाखवली.

"मी पण तेच म्हणतोय, असा!" दामीसनेही हात उगारला.

आणि दोघं थांबली.

दोघांचे हात एकाच दिशेला होते.

मेलिन्नाने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या. दामीसनेही तेच केलं. हळूहळू, कुणाला जाग येऊ नये अशा बेताने, तो वाकून तिच्या बाजूला आला आणि त्याने तिच्या बाजूने नाणं बघितलं. मग ती त्याच्या बाजूला गेली. त्या बाजूला लोंबी खोलगट होती, आणि लोंबीच्या कडेला तेच शिंग, तोच कान, तोच डोळा, चांदीत आत रुतलेला. तिकडून बघितलं की तोंड डाव्या हाताकडे.

गाडीतळावरचे सगळे जवळ सरकले. आम्ही लोंबीचं नाणं रोज हातात घेणारी माणसं. पुढून उठाव, मागून खोलगट, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात काही आहे हेच विसरलो होतो. लोंबीला कुठलं आलंय डावं-उजवं? ती नुसती वर वाढते. बैलाला मात्र तोंड असतं. आणि सिबारिसचं जुनं नाणंही याच रीतीचं होतं. दोन पोरं, मध्ये आईचा हात, आणि हातात एकच बैल. अलीकडून एक बघतंय, पलीकडून एक. दोघांचं खरं होतं. सुरुवातीपासून दोघांचंही खरं होतं.

"म्हणजे आईच्या दगडाशी..." दामीस म्हणाला.

"बोलू नकोस," मेलिन्ना म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. "फुकट गेली रे इतकी वर्षं. दोन खुळी आपण."

"मी खुळा. तू थोरली."

"थोरली म्हणून जास्त खुळी. गप."

मग दामीसने एक गोष्ट केली. त्याने बहिणीचा कोपर धरला, तिला हळूच थोडं वळवलं, अजून थोडं, आणि स्वतः पुन्हा तिच्या समोर जाऊन उभा राहिला. "त्या दिवशी आई अशी बसली होती. समुद्र या अंगाला होता. हं, आता धर."

मेलिन्नाने नाणं उभं धरलं. बैलाचं तोंड आता किनाऱ्याच्या वाटेकडे होतं, दक्षिणेला, जिकडे क्राथिस नदी आहे. आईने मुद्दामच तसं धरलं होतं की आपसूक धरलं गेलं होतं, हे आता कोण सांगणार? पण ते बघून दोघंही लहान पोरांसारखी निश्चल उभी राहिली, आणि आम्हीही.

थेआगेस मघापासून तोंडावर हात ठेवून बघत होता. नव्या नाण्यांची रीत बदलली होती. आता पुढच्या अंगाला देव घालायचा होता आणि बैल फक्त मागच्या अंगाला. त्याला काहीतरी एकच ठरवणं भाग होतं. तो घसा खाकरून म्हणाला, "आजी, बाबा, मग मी शेवटी कोरू कसा? उजवीकडे की डावीकडे?"

"घराकडे," दोघं एकदम म्हणाली.

गाडे निघाले तो दिवस लख्ख होता. मेलिन्ना वेशीबाहेर आईच्या कोऱ्या दगडापाशी जाऊन उभी राहिली. अंजिराच्या पानात बांधलेले गोळे, सुकं चीज आणि खारवलेला मासा असं एवढं बोचकं तिने बांधलं होतं की दामीस म्हणाला, "मला एकट्याला गाव वसवायचंय की सगळ्या गावाला जेवायला घालायचंय?"

"वाटेत तोंड बंद राहील म्हणून दिलंय," ती म्हणाली. मग तिने त्याच्या हातात नाणं ठेवलं.

"हे तुझ्याकडे राहू दे, ताई."

"मी काय करू? तू ने. त्याला एकदा नदी दाखव."

दामीसने मूठ मिटली. दगडाकडे बघून म्हणाला, "पाथरवटाला सांग, दोन्ही अंगांनी कोर. पुढून उठावाचा, मागून खोलगट."

"दुप्पट मजुरी मागेल मेला."

"मागू दे. तू एकदा बोलायला लागलीस की फुकट करून देईल."

ती हसली. पुढच्या गाड्यांनी हाक दिली. दामीसच्या गाड्यावर पराणी घेऊन एक तरुण बसला होता. दामीसने जन्मभर बैलांच्या बरोबरीने चालून गाडा हाकला होता, पण आज कंबर साथ देत नव्हती. तो मागच्या बाजूने कसाबसा चढला.

"नीट पुढे तोंड करून बस," मेलिन्ना ओरडली. "पडशील!"

बैल चालू लागले. किनाऱ्याच्या वाटेवर, दक्षिणेला, सिबारिसकडे. दामीस पोत्यांना पाठ टेकून पाय खाली सोडून बसला होता, तोंड मेतापोन्तकडे करून, बहिणीकडे बघत. झाऊच्या झुडपांआड गाडा दिसेनासा होईपर्यंत तो तसाच बसून होता.